शेंड्याकडे झुकणारी कमान

बांबूची कामटी वाकवली की तिच्या कमानीचा माथा मधोमध कधीच येत नाही. बुंध्याकडचा भाग जाड असतो, तो वाकायला राजी नसतो. शेंड्याकडचा पातळ भाग सगळं वाकणं अंगावर घेतो आणि माथा त्या बाजूला सरकतो. एकटी कामटी असेल तर हे सरकणं चार बोटांचं असतं, आणि ते देखणंही दिसतं. पण छताच्या जाळीत शेकडो कामट्या एकमेकींवरून जातात आणि जी ती आपापल्या शेंड्याकडे ओढते. मग कॉम्प्युटरवर गुळगुळीत दिसलेलं छत उभं केलं की त्याच्या खांद्यापाशी फुगवटा येतो. पाया, कापड, पाणी वाहून जाणं, वाऱ्याची उचल हे सगळं मला जमतं. या फुगवट्याच्या मागे मात्र मी निम्मं आयुष्य घालवलं आहे.

मी ग्रिडशेल करते. जाळी जमिनीवर सपाट विणायची, सांधे सैल ठेवायचे, मग ती उचलून कडा आत ढकलायच्या आणि आकार आला की सगळं आवळून टाकायचं. या कामाचं पंढरपूर म्हणजे जर्मनीतल्या मानहाइमची मुल्टीहाल. १९७५ च्या उद्यान प्रदर्शनासाठी कार्लफ्रीड मुचलर यांच्याबरोबर फ्राय ओटोंनी ती केली. हेमलॉक लाकडाच्या ५० मिलिमीटर चौरस पट्ट्या, ५० सेंटिमीटरच्या अंतराने, दोन थरांत. आकार आधी टांगलेल्या साखळ्यांच्या जाळीवर शोधला, कारण लटकत्या साखळीत फक्त ताण असतो आणि तोच आकार उलटा केला की फक्त दाब उरतो. हिशोब ओव्ह अरुप कंपनीतल्या टेड हॅपोल्ड आणि इयान लिडेल यांचा. उभारणी झाल्यावर पाण्याने भरलेले कचऱ्याचे डबे छताला टांगून त्यांनी तो पडताळून पाहिला. तात्पुरती म्हणून बांधलेली ती वास्तू आजही उभी आहे.

तिथल्या मंडळींचं एक सोपं होतं. हेमलॉक रंधला की ५० म्हणजे ५०. आम्ही सिंधुदुर्गातला माणगा वापरतो, जवळजवळ भरीव असतो म्हणून. पण त्याला असा रंधा मारता येत नाही. बांबूचे तंतू सगळ्यात दाट असतात ते सालीखाली. साल काढली की ताकदच काढून टाकली. पोटाकडून तासायचं म्हटलं तर प्रत्येक गाठीपाशी रेषा बदलतात, पटाशी उडते, आणि कामटी कुठे १० मिलिमीटर राहते, कुठे १२. नवख्याला वाटतं, २ मिलिमीटरने काय होतंय! पण पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १० ची १२ झाली तर ताठपणा २० टक्क्यांनी वाढत नाही, सुमारे ७३ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे एकाच कामटीत, हातभर अंतरावर, दोन वेगळ्या वस्तू असतात.

आणि आपलं मॉडेल? ग्रासहॉपर या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर सरकवला की छत फुगतं, दुसरा सरकवला की बसतं. त्याला जोडलेलं कांगारू सगळ्या स्प्रिंगा ओढून-ताणून समतोल काढून देतं. दोन्ही साधनं मला मनापासून आवडतात. साखळ्या टांगून ज्या कामाला महिने गेले असते ते आता दुपारच्या चहाआधी होतं. पण त्या मॉडेलमधली कामटी ही एकसारखी काठी असते. प्रत्येक तुकड्याला वेगळा ताठपणा देता येतो, सोय आहे. तो आकडा आणायचा कुठून, एवढाच प्रश्न उरतो, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

इतकी वर्षं तो आकडा माझ्या अंगठ्यात होता. कामटी दोन्ही हातांत आडवी धरायची, दोन्ही अंगठे मधे टेकवायचे आणि दाबायचं. ट्रकमधून उतरलेल्या ढिगातली एकेक कामटी अशी दाबून मी गठ्ठे लावायची: कमानीच्या माथ्याला जाणाऱ्या, खांद्याला जाणाऱ्या, कडेला जाणाऱ्या, आणि परत पाठवायच्या. मिस्त्री लोक बाजूला उभे राहून बघायचे. कॉलेजची मुलं आली की मी हे काम मुद्दाम त्यांच्यासमोर करायची. कुणी विचारलं, "हे कसं कळतं?" तर म्हणायची, "हाताला कळतं, सांगता येत नाही." सांगायचा मी कधी प्रयत्नच केला नव्हता. साइटवर ते फक्त मलाच कळतं, माझ्यावाचून ट्रक उतरत नाही, ही गोष्ट मला फार सुखाची होती. कागदावर काहीही न लिहिण्याचं तेवढंच कारण होतं.

आता अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला आहे. बरणीचं झाकण उघडताना कळ येते, तिथे कामटी काय दाबणार! पुण्याजवळच्या एका शाळेच्या अंगणावर छत करायचं होतं आणि ढीग येऊन पडला होता. माझ्याकडे दोन वर्षं काम करणारी मुलगी, मूळची कुडाळकडची, माझ्याजवळ येऊन बसली.

"मॅडम, तुम्ही दाबता तेव्हा नेमकं काय बघता?"

"किती जोर लागतो ते."

"आणि त्या जोराला किती वाकते, ते?"

"तेही."

"मग हे मोजता येईल की."

तिने दीड मीटर अंतरावर दोन लाकडी घोडे उभे केले, त्यांवर कामटी ठेवली, मधोमध पाण्याची एक लिटरची बाटली टांगली आणि स्टीलच्या पट्टीने झोक मोजला. ३० रुंद, १० जाड कामटी १८ मिलिमीटरच्या आसपास झुकते. १२ जाड असेल तर १०-११. आलेला आकडा तिने कामटीवरच मार्करने लिहिला आणि यादी सरळ मॉडेलमध्ये घातली. मॉडेलने सांगितलं, कोणती कामटी जाळीत कुठे. प्लॉटरवर प्रत्येकीची लांबच लांब कागदी पट्टी निघाली, तिच्यावर सांध्यांच्या खुणा. ती कामटीवर अंथरायची आणि खुणेवर आधी बारीक, मग मोठं भोक पाडायचं, म्हणजे तडकत नाही. सांध्याच्या चकत्या तेवढ्या राउटरवर कापल्या. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगठ्यांचं सगळं काम एका बाटलीने केलं होतं, आणि तिथे असलेल्या कुणालाही ते करता येत होतं. मला त्या रात्री झोप आली नाही. तिचं कौतुक करायला मला आठवडा लागला.

पण तिने जे केलं ते खरं डिजिटल काम आहे, असं मी आता कुठेही सांगायला तयार आहे. कारण या नावाखाली आजूबाजूला जे चाललं आहे ते बघवत नाही. वास्तुविशारद पॅट्रिक शूमाखर यांनी २००८ साली व्हेनिसच्या बिएनालेत पॅरामेट्रिसिझमचा जाहीरनामा मांडला आणि आकडे बदलून आकार घडवण्याच्या पद्धतीची शैली झाली. तिथून निघालेला ओघळ आपल्याकडे येऊन पोचला तो पत्र्यावर लेझरने कापलेल्या जाळ्यांच्या रूपात. काचेच्या साध्या डब्यापुढे जाळी ठोकायची आणि तिला पॅरामेट्रिक म्हणायचं. त्या जाळीचं एकही भोक वजनासाठी, वाऱ्यासाठी किंवा उन्हासाठी हललेलं नसतं. बांबूचं तर विचारूच नका. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' राहिला नाही. तोडणं-नेणं सोपं झालं, चांगलंच झालं. पण आता जो तो रिसॉर्टवाला बांबूचं छत मागतो, आणि माझे काही समव्यवसायी लोखंडी पाइप वाकवून त्यावर बांबू बांधून देतात. पाइप वजन घेतो, बांबू फोटो घेतो. दुसरी मंडळी प्रत्येक सांधा वेगळा थ्रीडी प्रिंट करतात: दोनशे सांधे, दोनशे आकार. यंत्राला ते अवघड नाही, हे मान्य. पण असा सांधा वाकणाऱ्या कामटीला वाकूच देत नाही. हलकेपणा म्हणजे सामान कमी लागणं. ओटोंनी १९६४ साली स्टुटगार्टला संस्था काढली ती हेच शोधायला, साबणाच्या पडद्यांपासून पुढे. ९ मार्च २०१५ ला ते गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचं प्रित्झ्कर पारितोषिक जाहीर झालं. किती उशीर केला, या विचाराने मला आजही राग येतो.

हलकेपणाबद्दल बोलते आहे तर हेही सांगते की त्यात माझा हव्यास आहे. हिशोबाने १२ मिलिमीटर चालत असेल तर माझा जीव ११ वर जातो. छताखाली उभं राहून कुणी वर बघत "एवढ्याशावर उभं आहे?" म्हणालं की मला जे होतं ते पैसे मिळाल्यावरही होत नाही. इंजिनीअर सुरक्षेचा आकडा पक्का धरून बसतात आणि मी प्रत्येक वेळी त्यांच्याशी भांडते. बरं आहे की ते हटत नाहीत.

शाळेच्या छताची जाळी उचलली तेव्हा फुगवटा आला. पूर्वीपेक्षा कमी, पण त्याच ठिकाणी. मग मी जे केलं ते मुलीला लगेच सांगितलं नाही. उरलेल्या कामट्या घेऊन बसले आणि अंगठे वाचवत, तळहाताच्या टाचेने एकेक दाबून पाहिली. तिच्या आकड्याशी माझं जिथे पटलं नाही तिथे खडूने फुली मारली. फुल्या मोजताना मनात हेच होतं की माझं बरोबर निघावं.

फुलीवाल्या कामट्यांत एक गोष्ट सारखी निघाली. मधोमध त्यांचा झोक व्यवस्थित होता, पण शेंड्याकडच्या भागात एक लांब पेर होतं, नेहमीच्या दीडपट. गाठ नाही म्हणजे तेवढ्या लांबीत आधार नाही. कामटी तिथेच मान टाकते. बाटली मधोमध टांगली की हे कळत नाही. हाताला कळतं, कारण हात धरायची जागा बदलत राहतो. मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, "मग तीन जागी मोजू. बुंधा, मध्य, शेंडा." वेळ तिप्पट. मुकादम कुरकुरला. तीन आकड्यांची यादी मॉडेलमध्ये गेल्यावर फुगवटा पहिल्यांदाच पडद्यावर दिसला, बरोबर ज्या खांद्यापाशी तो प्रत्यक्षात होता तिथे. इतक्या वर्षांत कॉम्प्युटरने मला तो आधी कधीच दाखवला नव्हता. मी खुर्चीवरून उठून दोनदा बाहेर जाऊन छताकडे बघून आले.

आता आमचं भांडण पुढच्या गोष्टीवर आहे. वाकवून धरलेला बांबू हळूहळू सैलावतो, आणि जून लागला की फुगतो, एप्रिलमध्ये आकसतो. सांध्याचा बोल्ट पावसाळ्यात घट्ट तर उन्हाळ्यात खुळखुळतो. मानहाइमला त्यांनी यासाठी बोल्टखाली बशीसारख्या स्प्रिंग-वॉशर घातल्या होत्या, लाकूड आकसलं तरी दाब टिकावा म्हणून. मी त्याच मागवल्या आहेत. तिचं म्हणणं, आधी निदान वर्षभर प्रत्येक सांध्याचं आवळणं टॉर्क-पान्याने मोजू, मग ठरवू. एकदा वॉशर घातली की बांबू स्वतः किती हलतो ते कधीच कळणार नाही. तिचं बरोबर आहे असं मला वाटतं. तरीही निम्म्या छताला मी वॉशर घालणार आहे आणि निम्मं तिला मोजायला सोडणार आहे. घाटमाथ्याकडचं निम्मं तिचं, कारण पाऊस त्या बाजूने येतो.