गेन्सव्हिलमधील चिनी स्कूटर

अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थान म्हटलें म्हणजे आपल्याकडील मंडळींच्या डोळ्यांपुढें समुद्रकिनारे आणि मायामीचीं उंच हॉटेलें उभीं राहतात. परंतु त्या द्वीपकल्पाच्या उत्तर भागांत, दोन्ही समुद्रांपासून मोटारीनें तास-दीड तासाच्या अंतरावर, गेन्सव्हिल नांवाचें एक शहर आहे. त्यास समुद्र नाहीं, डोंगर नाहीं, हौशी प्रवाशांची गर्दीहि नाहीं. आहे तें विद्यापीठ. १९०६ सालीं फ्लोरिडा विद्यापीठाचे वर्ग येथें भरूं लागले आणि तेव्हांपासून गांव विद्यापीठाभोंवतींच वाढलें. रस्त्यांच्या दुतर्फा प्रचंड ओकवृक्ष असून त्यांच्या फांद्यांवरून करड्या रंगाच्या जटा लोंबत असतात. या जटांस तेथील लोक ‘स्पॅनिश मॉस’ म्हणतात. पण तें शेवाळ नव्हे, अननसाच्या कुळांतील एक वनस्पति आहे. तिची सावली पडलेल्या रस्त्यावरून जातांना आपल्याकडील वडाच्या पारंब्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

सन २०२३ च्या पावसाळ्यांत आम्ही तेथें दोन महिने राहिलों. आमचा पुतण्या तेथें संशोधन करीत होता. गांवांत पाऊल ठेवतांच एक गोष्ट लक्षांत आली, ती म्हणजे स्कूटरींची संख्या. अमेरिका हा मोटारींचा देश. तेथें दुचाकी वाहन क्वचितच दिसावें अशी आमची समजूत होती. परंतु विद्यापीठाच्या प्रत्येक इमारतीशेजारीं स्कूटरींच्या रांगा पाहून पुण्याच्या एखाद्या कॉलेजांत आल्यासारखें वाटे. याचीं कारणें उघड आहेत. भूमि बहुतेक सपाट. अंतरें पायीं चालण्यास अधिक, मोटारीस थोडीं. मोटार ठेवण्यास जागा महाग. आणि सायकल दामटावी तर त्या दमट उन्हांत वर्गांत पोंचेपर्यंत अंगरखा भिजून जाणार. कायदाहि अनुकूल आहे. ५० घन सेंटिमीटरांपर्यंतच्या स्कूटरीस मोटारसायकलचा निराळा परवाना लागत नाहीं. मोटारीचा साधा परवाना पुरतो.

या स्कूटरींत दोन जाति स्पष्ट दिसतात. एक जपानी अथवा तैवानी बनावटीची, दुसरी चिनी. नवी चिनी स्कूटर हजार डॉलरांच्या आंतबाहेर मिळे. जपानी घ्यावयाची तर त्याच्या दुपटीहून अधिक पैसे मोजावे लागत. विद्यावेतनावर राहणाऱ्या मुलानें कोणती घ्यावी, हें सांगावयास नको. आमच्या पुतण्यानें नऊशें डॉलरांस चिनी घेतली होती. आमचे धाकटे बंधू, म्हणजे त्याचे वडील, यांनीं निघतेवेळीं आम्हांस एकीकडे घेऊन सांगितलें होतें, “अण्णा, तें वाहन एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहा. बसण्याजोगें नसेल तर तसें कळवा. कर्ज काढूं, पण त्याला दुसरें घेऊन देऊं.” घरांतील बायकामंडळींच्या जिवाला तर ‘चिनी’ हा शब्द ऐकल्यापासून घोर लागून राहिला होता. तेव्हां ही पाहणी करणें आमच्या प्रवासाचा एक भागच झाला.

वाहन दिसावयास झोंकदार होतें. गर्द निळा रंग, रुंद पायठाण, पुढें सामान अडकविण्याचा आंकडा. चेसीवरील पट्टीवर उत्पत्तिस्थान म्हणून चीनच्या चच्यांग प्रांतांतील ताईझौ हें नांव कोरलेलें होतें. तें वाचून आम्ही क्षणभर थबकलों. संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकास ताईझौ हें नांव दुसऱ्या एका संबंधानें ठाऊक असतें. त्याच जिल्ह्यांत थिएन-थाई पर्वत आहे. ‘सद्धर्मपुंडरीक’ या संस्कृत सूत्राचें चिनी भाषांतर कुमारजीवानें ४०६ सालीं केलें. पुढें त्याच ग्रंथावर आचार्य चि-यी यांनीं आपला संप्रदाय उभारला तो या पर्वतावर, आणि त्यांच्या निधनानंतर ५९८ सालीं तेथें बांधलेलें क्वोछिंग मंदिर आजहि उभें आहे. जेथून एके काळीं भिक्षु सूत्रें घेऊन जपानकडे गेले, त्या जिल्ह्याच्या किनाऱ्याकडील गांवांतून आज स्कूटरी खोक्यांत भरून अर्ध्या जगास जातात!

सूत्रांची संवय मात्र त्या प्रदेशानें अजून सोडलेली दिसत नाहीं. एंजिनावर ‘१३९ क्यू. एम. बी.’ अशीं अक्षरें होतीं. पुतण्यानें त्यांचा उलगडा केला. आरंभींचा १ म्हणजे सिलिंडर एक. ३९ म्हणजे त्याचा व्यास ३९ मिलिमीटर. ‘क्यू’ म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानें थंड होणारें. पट्ट्यावर ‘६६९-१८-३०’ असे आंकडे: लांबी ६६९ मिलिमीटर, रुंदी १८, आणि कडांचा कोन ३० अंशांचा. पाणिनीनेंहि याहून अधिक मात्रा खर्च केल्या नसत्या. या एंजिनाची मूळ आंखणी होंडा या जपानी कंपनीच्या एंजिनावरून निघाली, तैवानांत ‘जी वाय ६’ या नांवानें ती रूढ झाली, आणि मग चीनमधील शेंकडों कारखान्यांनीं ती उचलली. त्यामुळें स्कूटरीवर नांव कोणतेंहि असो, आंतील भाग बहुधा एकमेकांस लागू पडतात. पट्टा, प्लग, कार्ब्युरेटर यांपैकीं कांहींहि अवघ्या थोड्या डॉलरांत टपालानें घरीं येतें. ही त्या वाहनाची मोठीच जमेची बाजू होय.

आतां खर्चाची बाजू. जपानी स्कूटर आणि चिनी स्कूटर यांच्या किंमतींतील फरक कोठें मुरतो, हें आम्हांस हळूहळू कळूं लागलें. कांहीं अंशीं तो धातूच्या आणि रबराच्या प्रतींत आहे. पण पुष्कळसा शेवटच्या हातांत आहे. म्हणजे असें कीं, प्रत्येक बोल्ट पुरता आवळला आहे काय, झडपांमधील फट बरोबर आहे काय, तेल पुरेसें आहे काय, हें पाहणारा जो शेवटचा माणूस, त्याची मजुरी या किंमतींत धरलेलीच नसते. स्कूटर लोखंडी चौकटींत बंद होऊन येते. पुढचें चाक, हँडल, आरसे, बॅटरी हें सारें येथें आल्यावर बसवावयाचें. विकणारा तें घाईघाईनें बसवितो आणि किल्ली हातांत देतो. उरलेलें काम न बोलतां गिऱ्हाइकाच्या गळ्यांत पडतें.

पुतण्यानें तें पत्करलें होतें. विकत घेतल्यावर पहिल्याच रविवारीं त्यानें प्रत्येक बोल्ट काढून, त्याच्या आट्यांस निळा चिकट द्रव लावून, पुनः आवळला होता. कारखान्यांतून आलेलें तेल त्यानें पहिल्या दोनतीनशें मैलांच्या आंतच काढून टाकलें. त्यांत धातूची बारीक चकाकी दिसत होती, असें तो म्हणाला. पाऊण लिटराच्या सुमारास नवें तेल, मागल्या चाकाच्या गिअरपेटींत वेगळें सव्वाशें मिलिलिटरांच्या आंत जाड तेल, आणि एंजिन पुरतें थंड असतां झडपांच्या फटींत एक दशांश मिलिमीटर जाडीची पोलादी पत्री सरकवून केलेली तपासणी, असा त्याचा नेम होता. आम्ही गेल्यावर रविवारचें हें नित्यकर्म आमच्या देखत होऊं लागलें. तो खालीं बसून पाने मागे आणि आम्ही ते एकामागून एक त्याच्या हातीं देत असूं.

असें असूनहि एक प्रसंग यावयाचा तो आलाच. तिकडे पावसाळ्यांत बहुधा दुपारीं गडगडाटासह सरी येतात. अशाच एका सरींत, आर्चर रोड नांवाच्या सहापदरी रस्त्याच्या चौकांत, दिवा हिरवा झाला आणि स्कूटर बंद पडली. मागें मोटारींची रांग, वरून पाऊस. पुतण्यानें ती ढकलत कडेस आणली आणि तेथून दोन मैल तशीच चालवीत घरीं आणली. तो दारांत उभा राहिला तेव्हां त्याच्या अंगावरील एक चिंधीहि कोरडी नव्हती. “काका, बाबांना कळवूं नका,” एवढेंच तो बोलला.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे दुरुस्तीच्या दुकानांत गेलों. तेथील मनुष्य सभ्यपणें, पण साफ म्हणाला, “चिनी स्कूटरींस आम्ही हात लावीत नाहीं.” दुसऱ्या दुकानांतहि तेंच उत्तर मिळालें. प्रथम आम्हांस राग आला. परंतु विचार करतां त्यांचें म्हणणें अगदींच गैर वाटेना. तासाची मजुरी शंभर डॉलरांच्या घरांत. तीन तासांचें काम निघालें कीं वाहनाच्या किंमतीचा तिसरा हिस्सा गेला. गिऱ्हाईक कुरकुर करणार, आणि दुरुस्त केलेल्या भागाशेजारचा भाग महिन्यानें बिघडला तरी दोष दुकानाच्या माथीं येणार.

येथें आम्हांस आपल्याकडील चित्र आठवलें. १९७२ सालापासून बजाजची चेतक महाराष्ट्रांत घरोघर आली. ती कांहीं कधीं बिघडत नसे असें नाहीं. सकाळीं अंगणांत स्कूटर आडवी करून मग किक मारणारे गृहस्थ कोणीं पाहिले नाहींत? परंतु तिच्यामागें गल्लोगल्लीं एकेक मिस्त्री होता. पिंपळाखालीं पत्र्याचें खोपट, तेलकट हाताचें एक पोर, आणि दहा-वीस रुपयांत प्लग साफ. चेतक टिकली त्यांत कंपनीइतकाच वांटा त्या पोराचा आहे. वाहन कारखान्यांत स्वस्त बनतें. पण तें स्वस्त राहतें तें शेजारच्या मिस्त्र्याच्या बळावर. गेन्सव्हिलमध्यें तसला शेजार नाहीं. म्हणून तेथें चिनी स्कूटरीच्या मालकास स्वतःच मिस्त्री व्हावें लागतें. आणि ज्यास तें होणें नको असेल त्यास ती स्वस्त तर नाहींच, सुरक्षितहि नाहीं.

बिघाड शेवटीं क्षुल्लक निघाला. त्या एंजिनांत पेट्रोलची तोटी पोकळीच्या ओढीनें उघडते. ती ओढ नेणारी रबरी नळी उन्हानें तडकली होती. तिकडच्या पेट्रोलांत शेंकडा दहापर्यंत मद्यार्क मिसळलेला असतो. हलक्या रबरास तो मानवत नाहीं, आणि स्कूटर महिनाभर उभी राहिली तर कार्ब्युरेटरचीं बारीक छिद्रेंहि चिकट्यानें बुजतात. पुतण्यानें साऱ्या नळ्या बदलून चांगल्या प्रतीच्या घातल्या. खर्च बारा डॉलर. वेळ दोन तास.

त्यानंतर एका सायंकाळीं आम्ही त्याच स्कूटरीवर मागें बसून विद्यापीठाच्या आवारांतील अ‍ॅलिस तळ्याकडे गेलों. सोळा वर्षांवरील मनुष्यास या लहान स्कूटरीवर शिरस्त्राण घालण्याची सक्ति तेथील कायद्यांत नाहीं. आम्हीं मात्र दोघांनींहि घातलें. दोघांचें ओझें झाल्यावर वेग सायकलीहून थोडासाच अधिक राहिला, आणि त्यामुळें ओकांच्या बोगद्यासारखी सावली, ओल्या मातीचा वास, तळ्यांत लांकडाच्या ओंडक्यासारखी निश्चल पडलेली सुसर, हें सारें सावकाश पाहतां आलें. तळ्यासमोर खांबांवर उभारलेलीं वाघळांचीं घरें आहेत. सूर्य मावळल्यावर पाव तासानें त्यांतून कित्येक लक्ष वाघळें धुराच्या लोटासारखीं बाहेर पडूं लागलीं. परततांना अंधार पडला होता. त्या वेळीं दिव्याचा उजेड किती अपुरा आहे हेंहि आम्हांस दिसलें, आणि दिसलें तें आम्हीं मनांत टिपून ठेविलें.

बंधूंस आम्हीं जें पत्र लिहिलें त्यांत बिघाडाची हकीकत लपविली नाहीं. पुतण्यास तसें अगोदर सांगितलें. कर्ज काढण्याचें कारण नाहीं, असें आम्हीं लिहिलें. स्कूटर ठेवावी, परंतु अटी चार. शिरस्त्राणावांचून बसूं नये. दिवा चांगल्या प्रतीचा बसवावा, आणि तोंवर अंधारांत बाहेर काढूं नये. गांवाच्या दक्षिणेस पेन्स प्रेअरीचें विस्तीर्ण गवताळ रान आहे. त्यांतून जाणाऱ्या ४४१ क्रमांकाच्या हमरस्त्यावर, जेथें मोटारी ताशीं साठ मैलांनीं धांवतात, तेथें ती कधींहि नेऊं नये. तेथील रानटी घोडे आणि गवे पाहावयाचे तर मित्राच्या मोटारींतून जावें. आणि चौथी अट, रविवारचा नेम परीक्षेच्या आठवड्यांतहि चुकवूं नये. चुकल्यास त्या आठवड्यांत बसनें जावें.

ज्या कुटुंबांतील मुलें शिक्षणासाठीं परदेशीं जातात त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, स्वस्त वाहनाचें नांव ऐकून घाबरूं नये आणि किंमत ऐकून हुरळूंहि नये. मुलाचा हात पान्यास बसला आहे काय, हें अगोदर पाहावें. नसल्यास जाण्यापूर्वीं महिना-दोन महिने त्यास गल्लींतील मिस्त्र्याकडे बसवावें. आमच्या घरांतील दुसऱ्या पुतण्याची यंदां जाण्याची तयारी चालली आहे. तो सध्यां रोज सायंकाळीं कोपऱ्यावरील गॅरेजांत जातो आणि घरीं आल्यावर, हात धुऊन झाल्याशिवाय, त्याची आजी त्यास पानावर बसूं देत नाहीं.