मनगट ढिलं सोड

सोमवार, ६ जानेवारी २०२५

संत तुकारामनगरहून मेट्रोने शिवाजीनगर. इंजिनिअरिंगच्या एका विभागात आजपासून रोबोंवर व्याख्यानं, कुणीही यावं. सगळी विशी-पंचविशीतली पोरं. टूलरूममधून निवृत्त झालेला मी एकटाच. आज विषय चालण्याचा: चाकं, पाय, जिने. दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळेत तयार झालेला ‘दक्ष’ जिना चढतो, पाण्याच्या जोरदार झोताने बॉम्ब निकामी करतो. चालवणारा जवान लांब बसून कॅमेऱ्यातून बघतो. बघतो खरा, पण हाताला काही लागत नाही त्याच्या. विचारायचं राहिलं.

बुधवार, ८ जानेवारी

आजचा दिवस माझा. भोकात पिन बसवणं! यावर विद्यापीठात व्याख्यान होतं हे आमच्या टूलरूममध्ये कुणाला खरं वाटलं नसतं. रीमर मारलेल्या भोकात पिन जरा तिरकी गेली की दोन जागी टेकते आणि अडकते. मग जोर लावाल तेवढी रुतते. अमेरिकेतल्या ड्रेपर प्रयोगशाळेने १९७०च्या दशकात यावर तोड काढली. रोबोच्या मनगटातच लवचीक जोड बसवला, तोही अशा बेताने की बाजूने रेटा आला तर पिन न कलंडता सरकावी आणि तिरकी झालीच तर टोकाभोवती वळून सरळ व्हावी. त्यासाठी ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. आमचे उस्ताद डॉवेल पिन बसवताना ओरडायचे, ‘मनगट ढिलं सोड, जाईल ती!’ तेच हे. भोकाच्या काठाला चॅम्फर, म्हणजे उतार, नसेल तर मात्र रोबोचीही पंचाईत, हे ऐकून बरं वाटलं. शेजारच्या पोराला माझे किस्से ऐकवत होतो. तो म्हणाला, ‘काका, उद्या पुढे बसा.’ उद्या व्याख्यान नव्हतंच.

सोमवार, १३ जानेवारी, भोगी

भाकरी खाऊन निघालो, डुलकी येईल वाटलं; आली नाही. विषय स्पर्शाचा. योहान्सन आणि वेस्टलिंग या स्वीडनच्या संशोधकांनी १९८४ साली दाखवलं, की वस्तू निसटू नये म्हणून लागेल त्याहून थोडीच जास्त पकड आपण धरतो. निसटायला लागली की आपल्याला कळायच्या आधीच बोटं आवळतात. एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत मिळून स्पर्श ओळखणारे सुमारे १७,००० मज्जातंतू! अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांनी मऊ जेलमागे कॅमेरा बसवून वस्तूचा ठसा वाचायची युक्ती काढली आहे. मी विचारलं, ‘पिन तेलात भिजलेली असेल तर?’ वक्ता हसला नाही. घर्षण बदललं की पकडीचं गणित नव्याने मांडावं लागतं, म्हणाला. माणूस प्रामाणिक.

येताना पकडीवरून बालेवाडी आठवली. तिथे झालेल्या २०१४च्या एबीयू रोबोकॉन स्पर्धेत पालक-रोबोने पोर-रोबोला उचलून झोपाळ्यावर बसवायचं होतं.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

पाक गोळीबंद झाला का, हे हिने वाटीभर पाण्यात थेंब टाकून बोटांनी पाहिलं. मी तुपाचा हात लावून लाडू वळायला बसलो. पहिले तीन फुटले. ‘अहो, आवळू नका, नुसते फिरवा.’ चौथा जमला. अंगठ्याला फोड आलाय.