मागील बाकी

व्यापाऱ्याच्या वहीत नव्या पानाची पहिली ओळ कधीच नवी नसते. मागील पानाची बाकी आधी मांडावी लागते, मगच त्या दिवसाचा व्यवहार लिहिता येतो. सांगलीतील एका अडत दुकानदाराच्या घरात वाढलेल्या आणि पुढे पुण्यात सॉफ्टवेअर अभियंता झालेल्या एका गृहस्थांनी हा नियम लहानपणीच आत्मसात केला होता. संगणकाच्या जगात मात्र त्याचे पालन किती कठीण असते, हे त्यांना तीस वर्षांच्या अनुभवाने शिकविले.

मॅक या संगणकाशी त्यांची गाठ पडली ती एका छापखान्यात. २४ जानेवारी १९८४ रोजी अ‍ॅपलने पहिला मॅकिंटॉश बाजारात आणला, तेव्हा त्यात अवघी १२८ किलोबाइट स्मृती होती. परंतु पडद्यावर दिसते तसेच कागदावर उमटावे, हे त्याचे वैशिष्ट्य मुद्रकांना मोहात पाडणारे होते. त्यामुळे आपल्याकडेही हे यंत्र प्रथम रुजले ते छापखान्यांत आणि जाहिरात संस्थांत. अभ्यासक्रम संपवून बाहेर पडलेल्या या तरुणाने पाहिले, की छापखान्यात मजकूर मॅकवर जुळतो, पण कागदाचे रीम, प्लेटचा खर्च आणि गिऱ्हाइकाची उधारी अजून वहीतच आहे. त्याने १९९८ साली दरपत्रक, बिल आणि खतावणी सांभाळणारा एक छोटा प्रोग्रॅम मॅकसाठी लिहिला. पुणे, कोल्हापूर, सोलापूर येथील काही छापखान्यांनी तो घेतला.

प्रोग्रॅम दाखविला तेव्हा आप्पांनी एकच प्रश्न विचारला, “पैसा चुकणार नाही ना?”

प्रश्न साधा वाटला, तरी संगणकाच्या दृष्टीने तो साधा नव्हता. दशांश अपूर्णांकांची नेहमीची साठवण वापरली, तर संगणक ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी देतो. कारण तो द्विमान पद्धतीत मोजतो आणि त्या पद्धतीत दहावा भाग नेमका लिहिताच येत नाही. एका बिलात हा फरक दिसत नाही. हजारो नोंदींच्या बेरजेत मात्र तो डोके वर काढू शकतो. म्हणून त्यांनी सर्व रकमा रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांक म्हणून ठेविल्या. तारखांचेही तसेच. मॅकवरील एक्सेल पूर्वी १९०४ पासून दिवस मोजीत असे आणि विंडोजवरील १९०० पासून. दोहोंत १,४६२ दिवसांचे अंतर पडते. एकीकडचा आकडा दुसरीकडे तसाच नेला, तर बिलाची तारीख चार वर्षांनी आणि एका दिवसाने सरकते. उधारीच्या मुदतीवर चालणाऱ्या धंद्यात एवढी चूक पुरेशी असते.

त्यांचा नित्याचा दिवस अशाच बारीकसारीक गोष्टींत जाई. डावा हात आपोआप कमांड आणि एस या कळा दाबून काम जतन करी. दूरध्वनीवर बोलतानासुद्धा बोटे तीच खूण करीत. त्या कमांड कळेवरील चार फासांचे चिन्ह सुझन केअर या चित्रकर्त्रीने निवडले. स्वीडनमध्ये ते प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर आढळते, ही हकीकत ते नव्या मुलांना आवर्जून सांगत. बिल अ‍ॅटकिन्सन यांची गोष्टही त्यांच्या आवडीची. आठवड्यात किती ओळी लिहिल्या हे व्यवस्थापकांनी विचारले असता, जुने काम सुटसुटीत करून ओळी घटविणाऱ्या अ‍ॅटकिन्सन यांनी उणे दोन हजार असा आकडा भरला होता. काम थोडक्यात आणि चोख करावे, ही शिकवण अडत दुकानातल्या माणसाला परकी नव्हती.

यंत्राच्या अंतरंगात मात्र पुनःपुन्हा क्रांती होत राहिली. १९९४ मध्ये मॅकचा प्रोसेसर बदलून पॉवरपीसी आला. २००१ मध्ये मॅक ओएस टेन ही सर्वस्वी नवी प्रणाली आली. २००६ पासून इंटेलचे प्रोसेसर आले आणि २०२० मध्ये अ‍ॅपलचा स्वतःचा एम१. प्रत्येक वेळी जुन्या प्रोग्रॅमला काही काळ सवलत मिळे, पण ती कायमची नसे. इंटेलच्या वेळची अडचण तर हिशेबनिसाला विशेष कळावी अशी होती. पॉवरपीसीवरील मॅक मोठ्या स्थानाचा बाइट आधी लिही. इंटेल लहान स्थानाचा आधी लिहितो. जुनी फाइल नव्या यंत्रावर तशीच वाचली, तर एक हा आकडा १,६७,७७,२१६ होतो. म्हणजे एका पैशाची बाकी एक लाख सदुसष्ट हजार सातशे बहात्तर रुपये सोळा पैसे दिसू लागते! वाचताना प्रत्येक आकडा उलटून घेण्याची व्यवस्था त्यांनी केली, आणि जुन्या व नव्या यंत्रांवर एकाच वर्षाची खतावणी छापून ओळीओळीने ताडून पाहिली.

खरी कसोटी आली ती २०१९ मध्ये. त्या वर्षीच्या कॅटलिना प्रणालीपासून ३२ बिटचे प्रोग्रॅम चालणे बंद होणार होते. कंपनीने तसे दोन वर्षे आधीपासून कळविले होते. त्यांचा प्रोग्रॅम कार्बन या जुन्या पद्धतीचा होता; तो नुसता दुरुस्त करून भागणारे नव्हते, मुळापासून लिहावा लागणार होता. ग्राहक उरले होते अकरा. वर्षभराचे श्रम आणि त्यातून मिळकत जवळजवळ नाही. मुलाने व्यवहार्य सल्ला दिला, “बाबा, सर्वांना पत्र पाठवा आणि बंद करा. दुसरे प्रोग्रॅम आहेत ना बाजारात.”

सल्ला चुकीचा नव्हता. पण त्याच आठवड्यात कोल्हापूरहून एका छापखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला. पती गेल्यानंतर व्यवसाय त्यांनीच सावरला होता. प्रोग्रॅम चालेल की नाही, हे त्यांनी विचारलेच नाही. त्या म्हणाल्या, “दादा, आमच्या ह्यांच्या वेळची येणी त्यातच आहेत. ती दिसतील ना?”

प्रोग्रॅम त्यांचा होता. नोंदी मात्र ग्राहकाच्या होत्या. दुकान बंद करणारा अडत्या शेतकऱ्याचा हिशेब आपल्याबरोबर घेऊन जात नाही. नवा प्रोग्रॅम लिहिण्याचा निर्णय त्यांनी पुढे ढकलला आणि आधी एकच काम हाती घेतले: अकराही जणांच्या सर्व नोंदी कोणत्याही संगणकावर उघडतील अशा साध्या तक्त्यांत काढून देणे. आकडे सहज निघाले. अडले ते नावांपाशी. जुन्या देवनागरी फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. अर्धी अक्षरे आणि रफार यांचीही तीच तऱ्हा. एकेका चिन्हाचा तक्ता करून त्यांनी हजारो नावे शुद्ध केली. या कामाला चार महिने लागले. त्याचा मोबदला त्यांनी घेतला नाही.

पुढे सात ग्राहक दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेले आणि सोबत आपला सारा हिशेब घेऊन गेले. चौघे थांबले. त्यांच्यासाठी त्यांनी स्विफ्ट भाषेत आटोपशीर नवी आवृत्ती लिहिली. तीत फारशा सोयी नाहीत, पण वर्ष उघडताच वरच्या ओळीत मागील बाकी येते आणि ती पैशापर्यंत बरोबर असते. कोल्हापूरच्या बाईंनी त्या तक्त्यांच्या आधारे काही जुनी येणी वसूल केली; जी बुडीत होती ती स्वतःच्या हाताने खोडली.

यंत्रे बदलणार, भाषा बदलणार. बदलाला दोष देण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच्या विश्वासाची जी शिल्लक आपल्याकडे जमा असते, ती नव्या पानावर नेणे मात्र कोणतेही यंत्र आपणहून करीत नाही. ते माणसालाच करावे लागते.