लिंकनच्या नावावर काहीही खपतं!

सध्या 'रिस्पेक्टफुली कोटेड' हा अवतरणकोश चाळतोय. अमेरिकी काँग्रेसचे (आपली नव्हे!) सदस्य भाषणाआधी 'हे वाक्य नक्की कुणाचं?' असं लायब्ररी ऑफ काँग्रेसला विचारतात. त्या विचारणांतून सुझी प्लॅट यांनी संपादित केलेला हा कोश १९८९ मध्ये निघाला. विचारलं गेलं तेवढंच त्यात आहे, त्यामुळे सगळं सापडत नाही. पण वाक्याखाली 'पडताळता आलं नाही' असं छापायची हिंमत आहे. मला तीच पानं जास्त आवडली. काटकसर, श्रीमंत-गरीब यांवरची लिंकनच्या नावाने फिरणारी वचनं मुळात विल्यम बोएटकर या पाद्र्याची. कोशात तसं नोंदवलंय. तरी १९९२ च्या रिपब्लिकन अधिवेशनात रेगन यांनी त्यातली काही लिंकनची म्हणूनच ऐकवली!

हसलो. मग आठवलं, मी स्वतः तीस वर्षं वर्गात लिंकनचं हेडमास्तरांना पत्र वाचून दाखवलंय. वसंत बापटांचं मराठी सुंदरच हो, पण लिंकनच्या समग्र लेखनात ते पत्रच नाही.

परवा एका माजी विद्यार्थ्याने ते ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'सरांमुळे अजून तोंडपाठ.' आता त्याला काय सांगू? दोन दिवस नुसता अंगठा देऊन बसलोय.