केसपेपर

परळचे के.ई.एम. रुग्णालय महानगरपालिकेचे, १९२६ साली सुरू झालेले. केसपेपरच्या खिडकीसमोर सकाळीच रांग लागते. तीत एक मुलगा म्हाताऱ्या बापाला सावरून उभा आहे. पिशवीत जिल्ह्याच्या गावच्या खाजगी रुग्णालयाची बिले. दीड एकर रान त्यांत गेले. तेथे गादीची खुर्ची होती, नावाने हाक मारणारी परिचारिका होती. सरकारी दवाखान्यात माणूस मरायलाच नेतात, असे त्याने लहानपणापासून ऐकलेले. (या भीतीची रक्कम कोणत्याच बिलात नसते.) पैशाअभावी कोणी उपचारांना मुकू नये, असे भोर समितीने १९४६ मध्ये लिहिले, जमीन विकून उपचार घेणारा मुकला की नाही, हे कोणी ठरवायचे?

“आधीच हितं का नाही आणलंस रे?” म्हातारा विचारतो.

रांग सरकते. मुलगा पिशवी दुसऱ्या हातात घेतो.