हर्मायनीच्या टोप्या

दिवाळीनंतर आठ दिवस माहेरी, नेकनूरला होते. शेजारची आठवीतली पोर रोज संध्याकाळी यायची. आईबाप ऊसतोडीला गेलेले. घरी ती, धाकटा भाऊ आणि आजी. मी माळ्यावरचे हॅरी पॉटरचे मराठी अनुवाद काढून दिले आणि पोरगी अशी हरवली की भाकरी थापतानाही पुस्तक चुलीजवळ उघडं! (दोन पानांना पीठ लागलंय. असो.)

माझ्या लहानपणी 'चांदोबा' होता. त्यातल्या राजकन्येला बहुधा एकच काम. राक्षसाने पळवून न्यायचं आणि शेवटी अर्ध्या राज्यासोबत बक्षीस म्हणून मिळायचं. तेव्हा काहीच खटकलं नाही. खटकायला दुसरं काही वाचलेलं तर हवं! म्हणून पुढे हर्मायनी भेटली तेव्हा हरखून गेले. अभ्यासू, हट्टी, प्रश्न विचारणारी. ती नसती तर हॅरी आणि रॉन पहिल्याच भागात संपले असते.

तरी कुरकुर राहिलीच. पराक्रम हॅरीचा, आणि ही घरातल्या थोरल्या बहिणीसारखी सगळ्यांचं सगळं लक्षात ठेवणारी. खुद्द लेखिकेचंही तेच. १९९७ साली पहिला भाग आला तेव्हा बाईचं नाव पाहून मुलगे पुस्तक हातात घेणार नाहीत असं प्रकाशकांना वाटलं, म्हणून जोआन रोलिंगची 'जे. के.' झाली.

चौथ्या भागात (२०००) तर मला हर्मायनीसाठी राग यायचा. मेजवानी चालू असताना तिला कळतं की हे सगळं खाली स्वयंपाकघरात शंभराहून जास्त बुटके घरगडी रांधतात. पगार नाही, सुट्टी नाही. ती ताट बाजूला सारते. संघटना काढते, बिल्ले वाटते. सगळे तिला हसतात, आणि वाचताना आपणही हसतो. २००५च्या सिनेमात तर हा भागच नाही. जेवण कुणी रांधलं एवढं विचारलं, तर मुलीची चेष्टा!

हे सगळं मी त्या पोरीला तावातावाने सांगितलं. तिचा पाचवा भागही वाचून झाला होता. ती म्हणाली,

"पण आत्या, तिनं त्यांला इचारलंच नाही की. गुपचूप टोप्या विणून ठेवल्या, म्हणजे उचलल्या की सुटले. तसं असतंय का?"

"पण ते तर म्हणतात आम्ही सुखी आहोत," मी म्हणाले.

"माझी आई बी तसंच म्हणंल. नवराबायको मिळून एक कोयता, उचल बापाच्या नावावर. मुकादमासमोर काय बोलंल ती? हर्मायनीनं आधी चार दिस त्यांच्यासंगं भांडी घासायला पाहिजे व्हती. मग बोलले असते." मग थोडं थांबून म्हणाली, "अन् त्या विंकीचं पुढं काय झालं?"

विंकी म्हणजे मालकाने हाकललेली, रडत बसणारी घरगडीण. पुढच्या भागांत ती मागेच पडते. पुस्तकातल्या बायका मोजताना मी तिला कधी मोजलंच नव्हतं. मीही हर्मायनीसारखी वरच्या मजल्यावरूनच बघत होते.

तिच्या आजीच्या मनात यंदा स्थळ बघायचं आहे, हे आईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अठरा वर्षं, कायदा, शिक्षण... भाषण तयार होतं माझं. निघायच्या आदल्या रात्री आजींकडे गेले, लसूण सोलत बसले आणि विचारलं, "आजी, तुम्हाला भीती कशाची वाटते?"

म्हातारी तासभर बोलली. रात्री पोर एकटी असते, मला दिसत नाही, काही वेडंवाकडं झालं तर तिच्या बापाला काय तोंड दाखवू. माझ्या भाषणात यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर नव्हतं.

अजून ठरलेलं काही नाही. हंगाम संपेपर्यंत पोरीने आणि आजीने रात्री आमच्या आईकडे झोपायचं, एवढंच झालंय. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. सहावा भाग तिच्याकडेच आहे.