नाण्याला मागचं आठवत नाही

बालमित्रांनो, घरात दोन नाणी शोधा बरं. रुपयाची असोत की दोन रुपयांची, कोणतीही चालतील. ती जवळ ठेवा. त्यांचं काय करायचं ते थोड्या वेळाने सांगते. आधी माझ्या धाकट्या भावाची गोष्ट ऐका.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, धानाच्या शेतीचं. माझा भाऊ १९९६ च्या जानेवारीत जन्मला. वर्षाचा व्हायच्या आतच त्याच्या हातापायांची बोटं सुजू लागली. पुढे चालायला लागला, तर मधूनच गुडघे धरून खाली बसायचा आणि रडायचा. थंडीत तर फारच त्रास व्हायचा. डोळे पिवळे दिसायचे, अंगात रक्त कमी. गावात कोणी म्हणे वात आहे, कोणी म्हणे नजर लागली. औषधं झाली, अंगारेधुपारे झाले, गुण काही येईना.

आमच्या आजीचं मत मात्र पक्कं होतं. २४ ऑक्टोबर १९९५ ला, दिवाळीच्या दिवसांत, सूर्यग्रहण झालं होतं. तेव्हा भाऊ आईच्या पोटात होता आणि आईने त्या सकाळी विळीवर भाजी चिरली होती. बस! आजी येईल त्याला तेच सांगायची. आई काही बोलायची नाही. भाऊ रात्री कळांनी ओरडायला लागला, की त्याचे पाय चोळत बसायची आणि हळूच डोळे पुसायची. मी शेजारी झोपलेली असायची. मला वाटायचं, एका भाजीपायी एवढी शिक्षा?

२००१ साली, मी आठवीत असताना, तालुक्याच्या डॉक्टरांनी भावाचं रक्त तपासायला पाठवलं आणि आम्हां सगळ्यांना नागपूरला जायला सांगितलं. आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. आई, बाबा, मी, भाऊ आणि आजीसुद्धा! "माह्या नातवाले काय झालं ते मी बी ऐकीन," असं म्हणून ती आधीच गाडीत जाऊन बसली होती.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. सुई नाही, औषधाची बाटली नाही. टेबलावर फक्त कागद आणि पेन्सिल. त्यांनी आम्हांला बसवलं, पाणी दिलं आणि आधी रोगाचं नाव सांगितलं. सिकलसेल. सिकल म्हणजे विळा.

त्यांनी समजावलं ते असं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, मधे अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारख्या. त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं, ते अंगभर प्राणवायू पोचवतं. ते कसं तयार करायचं याची कृती आपल्या जनुकांत लिहिलेली असते. भावाच्या त्या कृतीत एकाच अक्षराची चूक आहे. तेवढ्या एका चुकीमुळे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि पेशी विळ्यासारखी वाकडी नि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या, की तिथे भयंकर कळा येतात. नेहमीची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, विळ्यासारखी पेशी मात्र दहावीस दिवसांतच संपते. म्हणून अंगात रक्त कमी.

विळ्याचं नाव ऐकताच आजी उसळली. "पाह्य! ग्रहणात इळी धरली, म्हणून रक्तात इळा आला. मी म्हनतच होती!"

आईने मान खाली घातली. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "आजी, ग्रहण तर सगळ्या देशाने पाहिलं. त्या दिवशी किती घरांत भाजी चिरली असेल! पण ही चूक ग्रहणाच्या कितीतरी आधी या घरात आलेली आहे. कुठून आली ते शोधू या?"

मग त्यांनी कागदावर आमचं घर काढलं. पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी गोल. आई, बाबा, आजोबा, आजी, मामा, काका, आत्या. जिवंत कोण, कोण गेलं, कशाने गेलं, सगळं विचारत गेल्या. तेव्हा कळलं, की बाबांना एक बहीण होती आणि ती नऊ वर्षांची असताना गेली. मला हे ठाऊकच नव्हतं! आजी म्हणाली, "तिचे बी हातपाय असेच दुखत. हाडात वारं शिरलं म्हनत लोक." बाई म्हणाल्या, "तिला हाच आजार होता का, हे आता नक्की सांगता येणार नाही. तेव्हा तपासणी झाली नव्हती. पण तुमचं रक्त तपासू या."

आमच्या सगळ्यांचं रक्त घेतलं. काही दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. आई वाहक, बाबा वाहक, मी वाहक. आणि आजीही वाहक.

मी घाबरून विचारलं, "म्हणजे मीही आजारी?" बाई म्हणाल्या, "नाही गं. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. तुझी एक बरोबर आहे, एक चुकलेली. बरोबर असलेली काम सांभाळून घेते. तू धाव, कबड्डी खेळ. तुझ्या भावाच्या दोन्ही प्रती चुकलेल्या आहेत, म्हणून तो आजारी."

बाबांनी विचारलं, "एका लेकराला झालं, म्हणजे पुढच्यांचं भय संपलं ना?"

बाईंनी पर्समधून दोन नाणी काढली. तुम्हीही तुमची नाणी आता हातात घ्या. एक नाणं आईचं, एक बाबांचं. छापा म्हणजे बरोबर प्रत, काटा म्हणजे चुकलेली. दोन्ही नाणी एकदम उडवा. दोन्ही छापे आले, तर मूल निरोगी, वाहकही नाही. एक छापा नि एक काटा आला, तर मूल माझ्यासारखं वाहक. दोन्ही काटे आले, तर मूल आजारी. चारांत एक, चारांत दोन, चारांत एक, अशी शक्यता.

बाईंनी नाणी आजीच्या हातात दिली. आजीने उडवली. छापा-काटा. पुन्हा उडवली. काटा-काटा. पुन्हा उडवली, तरी काटा-काटा! आजी म्हणाली, "आता तर येऊन गेलं होतं, पुन्हा कसं आलं?"

"आजी, नाण्याला मागचं आठवत नाही," बाई म्हणाल्या. "प्रत्येक बाळाच्या वेळी नाणी नव्याने उडतात. आधी काय झालं, त्याचा हिशेब पुढे लागत नाही. आणि छापा पडावा की काटा, हे आईच्या हातात नसतं, बाबांच्याही नसतं."

घरी आल्यावर मी वहीत रेघा मारत शंभर वेळा नाणी उडवली. काटा-काटा सत्तावीस वेळा आलं. एकदा तर लागोपाठ चार वेळा! तुम्हीही करून बघा.

पण त्या खोलीतलं खरं महत्त्वाचं अजून सांगायचं आहे. आजी बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, "बाई, म्हंजे हे मीच देलं का माह्या नातवाले? अन् माह्या पोरीलेबी?" तिचा आवाज कापत होता. पाच वर्षं जो दोष ती आईच्या माथी मारत होती, तो आता तिने स्वतःच्या डोक्यावर घेतला होता.

बाई उठून तिच्या शेजारी येऊन बसल्या. "तुम्हांला कोणी दिलं, आजी? तुमच्या आईने किंवा वडिलांनी. त्यांना त्यांच्या आईवडिलांनी. कुणीच निवडून दिलं नाही, कुणालाच माहीत नव्हतं. आणि हे जनुक इतक्या पिढ्या टिकलं कसं, ठाऊक आहे? ज्याच्याकडे एकच चुकलेली प्रत असते, त्याला मलेरियाच्या घातक तापापासून थोडं संरक्षण मिळतं. जंगलाच्या, डासांच्या मुलखात तुमच्या पूर्वजांपैकी कितीतरी जण कदाचित यामुळेच वाचले असतील. दोष द्यायला इथे कुणीच नाही."

(मलेरियाचा हा संबंध अँथनी अ‍ॅलिसन या डॉक्टरांनी आफ्रिकेत काम करून १९५४ साली मांडला. म्हणून वाहकांनी मच्छरदाणी सोडावी असं मात्र नाही, बरं का!)

आजीने पदराने डोळे पुसले आणि आईचा हात धरला. बोलली काहीच नाही. परतीच्या एसटीत आईने भावाला मांडीवर घेतलं होतं आणि ती खिडकीबाहेर बघत होती. मान वर करून. मी तिला तसं बसलेलं कितीतरी दिवसांनी पाहिलं.

मित्रांनो, त्या दिवशी आमच्या बाबतीत जे झालं, त्याला जेनेटिक कौन्सेलिंग म्हणतात. मराठीत आनुवंशिक समुपदेशन. शब्द जड आहे, पण काम साधं आहे. आईवडिलांकडून मुलांकडे येणारा आजार काय आहे, तो कसा येतो, पुन्हा येण्याची शक्यता किती आणि आता आपल्याला काय काय करता येईल, हे शांतपणे समजावून सांगायचं आणि घरच्यांचं ऐकून घ्यायचं. हे नाव शेल्डन रीड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४७ साली दिलं. सिकलसेलप्रमाणेच थॅलेसेमिया, हिमोफिलिया अशा आजारांतही असा सल्ला मिळतो.

यात हुकूम नसतो, हे मला मोठेपणी कळलं. माझी चुलतबहीण आणि तिचे यजमान, दोघेही वाहक निघाले. तेही लग्नानंतर कळलं. मी तिच्यासोबत गेले होते. समुपदेशकांनी सगळ्या वाटा समोर मांडल्या. शक्यता पत्करून मूल होऊ देता येतं, गरोदरपणात लवकर तपासणी करून बाळाला आजार आहे का ते पाहता येतं, मूल दत्तक घेता येतं. प्रत्येक वाटेवरच्या अडचणीही सांगितल्या. ताईने विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता, तर काय केलं असतं?" त्या म्हणाल्या, "मी तुमच्या जागी नाही, म्हणून ते सांगणार नाही. पण तुम्ही दोघं जे ठरवाल, त्यात मी मदत करीन." ताई घरी येऊन म्हणाली, "निर्णय कठीणच आहे गं. पण आता अंधारात तरी नाही घ्यायचा."

आता भावाचं विचाराल, तर तो तिशीच्या घरात आहे, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. बाईंनी तेव्हा आईला यादीच दिली होती. भरपूर पाणी पाजा, थंडीत ऊब द्या, फोलिक अ‍ॅसिडची गोळी चुकवू नका, ताप आला तर घरी थांबू नका. पुढे डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू केलं, त्याने कळा कमी झाल्या. संपल्या नाहीत. अजूनही कधी कधी त्याला दवाखान्यात ठेवावं लागतं. ते लपवून काय करू? पण तो आहे, हसतो, माझ्या मुलीला सायकल शिकवतो.

शाळेत त्याच्या शेजारी बसायला काही मुलं भीत. सिकलसेल चिकटत नाही. शेजारी बसून नाही, एका ताटात जेवूनही नाही. तुमच्या वर्गात असं कोणी असेल, तर त्याला तासाला पाणी पिऊ द्या, खेळता खेळता दमला तर "नाटकं करतो" म्हणू नका.

आणि आईबाबांनो, हे तुमच्यासाठी. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं त्यात ठरलं. आपल्या विदर्भात, नंदुरबारकडे, आदिवासी भागांत आणि इतरही समाजांत हा आजार आहे. रक्ताच्या काही थेंबांत प्राथमिक तपासणी होते. लग्नाआधी ती करून घेतली, तर कोणाचं काही बिघडत नाही. मीही केली होती. माझ्या यजमानांच्या दोन्ही प्रती बरोबर निघाल्या. म्हणजे आमच्या मुलांना हा आजार होणार नव्हता, फार तर वाहक होतील. माझी मुलगी वाहक आहे आणि तिला ते ठाऊक आहे. पुढे तिने काय करायचं, ते ती ठरवील.

शेवटी आजीचं सांगते. २२ जुलै २००९ ला सकाळी पुन्हा सूर्यग्रहण होतं. पावसाळ्याचे दिवस, आभाळ भरलेलं. शेजारची नवी सून गरोदर होती. बिचारी दार लावून, हातपाय आखडून आत बसली होती. आजी काठी टेकत तिच्याकडे गेली आणि दारातूनच म्हणाली,

"गरनाचं राहू दे वं माय. रगत तपासलं का तुमी दोघायनं?"